तुलूमला जातांना

एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. चिरंजीव व सूनबाई अमेरिकेंत असतात. येत्या थंडींत सासूसासऱ्यांस व दोन्ही नातवंडांस घेऊन मेक्सिको देशांतील तुलूम नांवाच्या समुद्रकांठच्या गांवीं आठ दिवस जाण्याचा त्यांचा बेत ठरला आहे. तेथें पाहावयाचें काय, खावयाचें काय, आणि लुप्त झालेल्या माया लोकांविषयीं मुलांस सांगावयाचें काय, तें लिहावें अशी त्यांची आज्ञा आहे. पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें सोपीं आहेत. तिसऱ्यांतील एका शब्दाशीं मात्र मी अडलों. तो शब्द 'लुप्त'.

हा शब्द मला टोंचला, कारण तो माझाच आहे. शाळेंत संस्कृताबरोबर इतिहासाचे तासहि माझ्याकडे असत. माया लोक नवव्या शतकांत अरण्यांत लुप्त झाले, हें वाक्य मीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिलें, मुलांकडून घोकून घेतलें, आणि परीक्षेंत तें जसेंच्या तसें उतरविणारास पुरे गुण दिले. कांहीं वर्षांपूर्वीं धाकट्या मुलाबरोबर तुलूम पाहण्याचा योग आला. अवशेषांच्या दाराशीं आम्हीं एक वाटाड्या ठरविला. चाळिशीचा, ठेंगणा, मितभाषी गृहस्थ. "आमच्या लोकांविषयीं तुमच्याकडे काय शिकवितात?" असें त्यानें सहज विचारलें. मीं प्रामाणिकपणें तेंच वाक्य त्याच्या कानावर घातलें. तो रागावला नाहीं. इतक्यांत त्याचा फोन वाजला. दोन मिनिटें तो कोणाशीं तरी बोलला. ती स्पॅनिश नव्हती. शब्दागणिक घशांत क्षणभर थांबून पुढें जाणारी निराळीच भाषा होती. फोन खिशांत ठेवून तो म्हणाला, "आई होती. पाहुणे कोठले आहेत, जेवले कीं नाहीं, म्हणून विचारीत होती." माझें तें फळ्यावरचें वाक्य त्या एका प्रश्नानें पुसलें गेलें.

वस्तुस्थिति अशी आहे. आठव्या-नवव्या शतकांत दक्षिणेकडील कांहीं मोठीं राजनगरें ओस पडलीं हें खरें. पण तेथील लोक नाहींसे झाले नाहींत. खुद्द तुलूमची भरभराट तेराव्या ते पंधराव्या शतकांतील, म्हणजे त्या तथाकथित लोपानंतर चार शतकांनीं झालेली आहे. आणि मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेप्रमाणें युकातानी माया भाषा बोलणारे साडेसात लाखांहून अधिक आहेत. शेजारच्या ग्वाटेमालांत त्याच कुळांतील इतर भाषा बोलणारे लक्षावधि लोक आहेत, ते वेगळेच. तेव्हां भगिनींस माझी पहिली सूचना ही कीं, आपण एखाद्या मृत नगरीस जात आहों असें न समजतां, नांदत्या लोकांच्या घरीं पाहुणे म्हणून जात आहों असें समजून सामान बांधावें. पुढील सर्व सूचना म्हणजे या एका सूचनेचाच विस्तार आहे.

प्रथम स्थळाची कल्पना देतों. मेक्सिकोच्या आग्नेयेस अंगठ्यासारखा समुद्रांत वर निघालेला जो प्रदेश आहे तो युकातान द्वीपकल्प. त्याच्या पूर्वेस किन्ताना रो हा प्रांत, आणि त्या प्रांताच्या किनाऱ्यावर कानकून शहराच्या दक्षिणेस सुमारें १३० किलोमीटरांवर तुलूम. तुलूम म्हणून लोक तीन निरनिराळ्या ठिकाणांस म्हणतात, आणि नवख्याचा घोटाळा येथेंच होतो. कड्यावरील अवशेष हें एक. हमरस्त्यालगतचें लोकवस्तीचें गांव हें दुसरें. आणि वाळूच्या किनाऱ्यावरील हॉटेलांची रांग हें तिसरें. तिन्हींमध्यें कांहीं किलोमीटरांचें अंतर आहे. किनाऱ्यावरील मुक्काम फार महाग पडतो. कुटुंबानें गांवांत बिऱ्हाड करावें; तेथें बाजार जवळ, फळें-भाजी ताजी, आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या जागाहि मिळतात. टॅक्सीवाल्याशीं भाडें बसण्यापूर्वींच ठरवावें. हमरस्त्यावरून 'कोलेक्तिवो' नांवाच्या सामायिक मोटारी धांवतात. त्या स्वस्त आहेत, आणि त्यांत स्थानिक माणसें भेटतात.

तुलूमचा स्वतःचा विमानतळ २०२३ च्या डिसेंबरांत सुरू झाला. कानकूनचा विमानतळ जुना व अधिक राबता असलेला आहे. त्याच महिन्यांत 'त्रेन माया' या नव्या आगगाडीचा पहिला टप्पा चालू झाला व पुढें ती तुलूमपर्यंत आली. भारतीय पारपत्र असणारास मेक्सिकोचा व्हिसा लागतो; परंतु अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यास तो वेगळा घ्यावा लागत नाहीं, असा आज नियम आहे. हे नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वीं मेक्सिकोच्या वकिलातींत विचारून घ्यावें. अमेरिकेंत परत जावयाचें असेल तर आपला तेथील व्हिसा पुनःप्रवेशाचा आहे ना, हें आधीं पाहावें. घरच्यांस फोन करतांना लक्षांत ठेवावें कीं भारताचें घड्याळ तेथल्यापेक्षां साडेदहा तास पुढें असतें.

थंडीचा बेत उत्तम आहे. नोव्हेंबरअखेरपासून एप्रिलपर्यंत तेथें कोरडी हवा असते. जून ते नोव्हेंबर हे वादळांचे महिने. शिवाय वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत सार्गासो नांवाचें तपकिरी शेवाळ समुद्रांतून वाहत येऊन किनाऱ्यावर कुजतें. २०११ पासून हा उपद्रव वाढला आहे. समुद्रांत उतरण्यापूर्वीं किनाऱ्यावरील निशाण पाहावें. हिरवें असल्यास चिंता नाहीं, पिवळें असल्यास जपावें, तांबडें असल्यास मुलांस पाण्यांत सोडूं नये, आणि काळें असल्यास कोणींच उतरूं नये.

आतां अवशेषांविषयीं. सकाळीं दार उघडण्याच्या सुमारास, आठाच्या आसपास, तेथें पोहोंचावें. दहा वाजल्यानंतर ऊन्ह व गर्दी दोन्ही असह्य होतात, आणि आंत सावली फार थोडी आहे. टोपी, पाणी व सुटे पेसो जवळ असावेत, कारण अवशेष आतां जाग्वार राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दींत आले असून एकाहून अधिक ठिकाणीं शुल्क भरावें लागतें. दारापासून बरेंच चालावें लागतें. गुडघे दुखणाऱ्या वडील मंडळींनीं हें ध्यानांत ठेवावें. देवळांवर चढण्यास बंदी आहे.

तुलूम या शब्दाचा माया भाषेंत अर्थ तट किंवा कुंपण. या नगरीचें मूळ नांव 'सामा', म्हणजे पहांट, असें असावें असें विद्वान मानतात. सूर्योदय समुद्रांतून पाहावयास मिळतो त्या जागीं तें शोभतेंहि. तीन बाजूंस दगडी तट, चौथ्या बाजूस सुमारें १२ मीटर उंचीचा कडा आणि खालीं कॅरिबियन समुद्र. तट तीन ते पांच मीटर उंच, कित्येक मीटर रुंद, आणि त्यास पांच अरुंद वेशी. आंत शिरतांना वांकून, एकामागून एक जावें लागतें. मुलांस येथें थांबवून विचारावें कीं अशी वेस कां ठेवली असेल.

कड्यावरील सर्वांत मोठी इमारत 'कास्तियो', म्हणजे किल्ला, या नांवानें ओळखली जाते. पण हें नांव स्पॅनिश लोकांचें, मूळची ती देवळाचीच वास्तु आहे. समोर समुद्रांत प्रवाळाची रांग आहे. ती सुमारें हजार किलोमीटर पसरलेल्या मोठ्या प्रवाळमालिकेचा भाग आहे. तींतील खिंड ओलांडून होड्या सुखरूप आंत याव्यात म्हणून कास्तियोच्या खिडक्यांत दिवे लावीत असावेत, असा एक तर्क आहे. तर्क राहूं द्या. परंतु हें व्यापारी बंदर होतें यांत संशय नाहीं. मीठ, मध, कापड, पिसें, कोको आणि ग्वाटेमालाकडील काळ्या ज्वालाकाचेचीं पातीं या किनाऱ्यानें होड्यांतून जात-येत. १५०२ सालीं कोलंबसास होंडुरासच्या समुद्रांत मालानें भरलेली एक प्रचंड होडी भेटली. ती अशाच व्यापाऱ्यांची. १५१८ सालीं ग्रिहाल्वाच्या तांड्यांतील स्पॅनिश लोकांनीं या किनाऱ्यावर सेव्हिलएवढें मोठें एक नगर पाहिल्याचें लिहून ठेविलें. तें तुलूमच असावें असें समजतात. पुढें शतक संपण्यापूर्वीं परकीयांनीं आणलेल्या रोगांनीं व धामधुमीनें नगर रिकामें झालें.

दोन गोष्टी चुकवूं नयेत. एक, दारांवरील 'उतरता देव': पाय वर, डोकें खालीं, जणूं आकाशांतून सूर मारीत आहे. कोणी त्यास मधमाश्यांचा देव म्हणतात, कोणी शुक्राचा तारा. दुसरी, चित्रांचें देऊळ. त्याच्या आंतील भिंतींवर देवदेवतांचीं जुनीं रंगीत चित्रें आहेत. तीं बाहेरूनच पाहावीं लागतात.

येथें एका मोहाविषयीं सावध करणें मला अवश्य वाटतें, कारण तो मोह आपल्याच घरांतील आहे. 'माया' हें नांव ऐकलें कीं आपणांस मयासुर आठवतो, मयसभा आठवते. चमनलाल यांचें 'हिंदू अमेरिका' हें पुस्तक १९४० सालीं निघालें, आणि तें वाचून आमच्या पिढींतील पुष्कळांस वाटूं लागलें कीं हे लोक आपलेच. मीहि वाटाड्यास हें सांगण्यास उत्सुक होतों. त्यांत मला एक बळकट पुरावाहि सांपडला होता. माया पंचांगाची दीर्घगणना इ. स. पूर्व ३११४ च्या ऑगस्टांत सुरू होते. आपलें कलियुग इ. स. पूर्व ३१०२ च्या फेब्रुवारींत. अंतर बारा वर्षांचेंहि नाहीं! शिवाय शून्य त्यांसहि ठाऊक होतें. परंतु त्यांची गणना वीस या अंकावर चालते, आपली दहावर. त्यांच्या भाषेचा संस्कृताशीं संबंध नाहीं. आणि 'माया' हें नांव त्यांच्याच मायापान या नगराशीं जोडलेलें आहे. दोन तारखा जवळ आल्या हा योगायोग होय. दुसऱ्याच्या घरीं जाऊन त्याच्या आजोबांस आपले आजोबा म्हणणें यास कोणी जिव्हाळा म्हणत नाहींत. त्यांनीं शून्य स्वतः शोधलें, यांतच त्यांचा मोठेपणा आहे, आणि तो त्यांस पुरता द्यावा.

मुलांस खरोखर सांगण्यासारखी गोष्ट पोथ्यांची आहे. या लोकांस लिपि होती, आणि झाडाच्या सालीच्या कागदावर घड्या घातलेल्या पोथ्या होत्या. १५६२ च्या जुलैंत मानी गांवीं दिएगो दे लांदा या ख्रिस्ती धर्मगुरूनें त्या गोळा करून जाळल्या. आज जगांत त्यांच्या अवघ्या चार पोथ्या उरल्या आहेत: ड्रेस्डेन, माद्रिद, पॅरिस व मेक्सिको येथें. ड्रेस्डेनच्या पोथींत शुक्राच्या उदयास्ताचें गणित आहे. जाळणाऱ्या लांदानेंच पुढें त्या अक्षरांविषयीं कांहीं टिपून ठेविलें, आणि १९५२ सालीं युरी क्नोरोझोव्ह या रशियन विद्वानानें त्याच टिपणाच्या आधारें लिपीचें कुलूप उघडलें. ज्यांच्या घरीं आजोबांच्या पोथ्या रुमालांत बांधून ठेविलेल्या आहेत, त्यांस या गोष्टीचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाहीं.

अवशेषांइतकेंच महत्त्व तेथील पाण्यास आहे. युकातानच्या उत्तर भागांत भूमीवर नद्या नाहींत. सर्व भूमि चुनखडीची. पावसाचें पाणी तींतून झिरपून खालीं जातें व भुयारांतून वाहतें. भुयाराचें छत जेथें कोसळलें तेथें नितळ पाण्याचा डोह उघडा पडतो. त्यास माया भाषेंत 'त्सोनोत' म्हणतात, आणि स्पॅनिश लोकांनीं त्याचें 'सेनोते' केलें. तुलूमच्या परिसरांतील साक आक्तून या भुयारमालेची लांबी २०१८ सालीं ३४७ किलोमीटर मोजली गेली. तेथीलच एका खोल विवरांत सुमारें बारा-तेरा हजार वर्षांपूर्वींच्या एका लहान वयाच्या मुलीचा सांगाडा सांपडला आहे. या डोहांतून माया लोक पाणी पीत, आणि पर्जन्यदेव चाक यास तेथेंच नैवेद्य वाहत.

तेव्हां सेनोतेमध्यें उतरतांना एवढेंच मनांत आणावें कीं हें दुसऱ्याचें तीर्थ आहे, आणि पिण्याचें पाणीहि आहे. आंत जाण्यापूर्वीं अंग धुण्यास सांगतात. तें मनापासून करावें. केसांचें तेल, अंगाचीं मलमें, उन्हापासून रक्षण करणारीं लेपनें हीं सर्व धुऊन टाकावीं. त्याऐवजीं लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घालावा. आपण श्रद्धेनें कुंडांत फूल किंवा नाणें टाकतों. येथें तेंहि टाकूं नये. भुयारें एकमेकांस जोडलेलीं असल्यामुळें एका डोहांत सांडलेलें दूर कोठें तरी वर येतें, व शेवटीं समुद्रांतील प्रवाळापर्यंत पोहोंचतें. तुलूम गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झपाट्यानें वाढलें; हॉटेलांचें सांडपाणी याच चुनखडींत मुरतें. नव्या आगगाडीसाठीं याच भुयारांच्या छतांतून पोलादी खांब उतरविले, त्यावरून त्या देशांत मोठा वाद झाला. आपण चार दिवसांचे पाहुणे. वाद मिटविणें आपल्या हातीं नाहीं, पण आपलें तेल घरीं ठेवणें आहे.

गांवांत हिंडतांना आणखी एक इतिहास जाणून असावें. आपल्याकडील सत्तावनच्या आधीं दहा वर्षें, १८४७ सालीं, युकातानांतील माया शेतकऱ्यांनीं जमिनी व कर यांसाठीं शस्त्र उचललें. तें युद्ध १९०१ पर्यंत चाललें. 'बोलणारा क्रूस' हें त्यांचें दैवत. त्या काळांत तुलूम हें त्या पंथाचें एक ठाणें होतें, आणि १८७० च्या सुमारास मारिया उइकाब ही स्त्री तेथील मुख्य पुजारीण होती. तो पंथ आजहि आहे. त्याचें मंदिर तुलूम गांवांत आहे. तेथें कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वीं परवानगी मागावी, आणि 'नको' म्हटल्यास वाईट वाटून घेऊं नये. आपल्या गाभाऱ्यांत कोणी तसें केलेलें आपणांस चालत नाहीं. अभिवादनास 'माअलोब किइन' आणि आभारास 'दिओस बोओतिक' एवढे दोन शब्द मुलांस शिकवावेत. ते ऐकून बाजारांतील आजीबाईंचा चेहरा कसा खुलतो तें मीं पाहिलें आहे. भरतकामाचे 'हुईपील' अंगरखे आणि नांगी नसलेल्या मधमाशीचा मध तेथील बायांकडूनच घ्यावा, आणि कष्ट पाहून घासाघीस आंवरती घ्यावी.

शेवटीं स्वयंपाकघर. शाकाहारी मंडळींची तेथें उपासमार होत नाहीं, पण विचारून घ्यावें लागतें. मक्याची भाकरी, म्हणजे तोर्तिया, सर्वत्र मिळते. घेवड्याची उसळ बहुधा डुकराच्या चरबींत परततात, आणि भात कोंबडीच्या पाण्यांत शिजवितात. म्हणून 'सिन कार्ने, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो' हे शब्द कागदावर लिहून खिशांत ठेवावेत. अर्थ असा कीं मांस नको, चरबी नको, कोंबडीचें पाणी नको. भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची व टोमॅटोची 'सिकिल पाक' नांवाची चटणी अवश्य खावी. ती आपल्या तिळाच्या चटणीची बहीण शोभेल. चाया नांवाचा पाला आपल्या पालेभाजीसारखा शिजवितात. नळाचें पाणी पिऊं नये.

आणि सासूबाईंस एक गंमत सांगावी. घोलवड-डहाणूचा आपला चिकू मूळचा याच रानांतला. त्याच्या चिकापासून पूर्वीं चघळण्याचा गोंद करीत, आणि माया देवळांच्या दारांवरील लांकडी तुळयाहि त्याच झाडाच्या. एकादशीच्या ताटांतील साबुदाण्याचा कंद, शेंगदाणे, बटाटा, रताळें, राजगिरा व मिरची हीं सर्व अमेरिका खंडांतून आलीं. नवव्या शतकांत लुप्त झाले असें आम्हीं ज्यांच्याविषयीं शिकविलें, त्यांच्या खंडाचें अन्न खाऊन आपण उपवास करीत आलों आहों.

तेव्हां भगिनी, तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर हें. नातवंडांस सांगावें कीं माया लोकांनीं नगरें बांधलीं, तारे मोजले, पोथ्या लिहिल्या; पोथ्या जळाल्या, नगरें ओस पडलीं, आणि ते लोक आजहि आपल्या भाषेंत पाहुणे जेवले कीं नाहीं म्हणून विचारतात. माझे जुने विद्यार्थी हें सदर वाचीत असल्यास त्यांनींहि आपल्या वहींतील तें वाक्य खोडावें. गुण दिले ते राहूं द्यावेत. चूक गुरुजींची होती.